रेघ आणि नाव

बदलीच्या नोकरीत राहणाऱ्या माणसाला नकाशाविषयी एक खास माया असते. मुलूख पायांखालून सुटतो आणि भिंतीवर येतो. आपणांपैकी पुष्कळांच्या बिऱ्हाडी महाराष्ट्राचा एक नकाशा असेलच. मुलांच्या भूगोलाच्या निमित्ताने आणलेला, परंतु मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांनीच अधिक वेळा न्याहाळलेला. कोणी परप्रांतीय स्नेही घरी आला आणि त्याने गाव विचारले, की आपण उठतो, जिल्ह्याच्या ठिकाणावर बोट ठेवतो, ते तालुक्यापर्यंत सरकवितो, आणि मग जिथे काहीच छापलेले नाही अशा एका कोऱ्या जागेवर टेकवून म्हणतो, "इथे कुठेतरी."

सुखाच्या दिवसांत या 'इथे कुठेतरी'ने कोणाचे काही बिघडत नाही. टपाल पोचते, एस्. टी. पोचते, लग्नाचे वऱ्हाडही विचारीत विचारीत पोचते. परंतु ज्या पहाटे धरणी हलते त्या पहाटे औषधे आणि तंबू घेऊन निघालेल्या मालमोटारीला हा पत्ता पुरत नाही. विचारावे म्हटले तर सांगणारा जागेवर नसतो. आणि असला तरी तो सांगण्याच्या स्थितीत नसतो. माझे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, किल्लारीच्या टापूत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी मी चार वर्षांचा होतो. तेव्हा या विषयावर मी लिहितो आहे ते केवळ कुतूहलापोटी नव्हे, इतके आरंभीच सांगून टाकतो.

मी सध्या बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. तुमकूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही वसाहत आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. लेथ, प्रेस, साचे, मुलामा देण्याचे कारखाने, तयार कपड्यांचे कारखाने अशी नाना प्रकारची उद्योगमंडळी येथे शेजारी शेजारी नांदते. परंतु एखादा कारखाना शोधावयाचा म्हणजे टप्पा, फेज, मेन आणि क्रॉस अशा चार आकड्यांची आराधना करावी लागते. आणि चौथ्या क्रॉसनंतर पाचवा येईल अशी भाबडी अपेक्षा धरून निघालेला माणूस बहुधा चहाच्या टपरीवर येऊन थांबतो. आमच्या कचेरीतून गेलेली कित्येक पत्रे 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत येतात. त्यांची नोंद करणे हे माझे एक काम आहे. घराला नुसता आकडा असून भागत नाही, त्याला शेजार असावा लागतो, हे मी या परत आलेल्या टपालावरून शिकलो.

मौज अशी की, ज्या पीण्यात माणसाला माणूस सापडत नाही, त्याच पीण्याचे आकाशाशी मात्र जुने नाते आहे. आपला पहिला उपग्रह 'आर्यभट' प्रा. यू. आर. राव यांच्या देखरेखीखाली येथल्याच शेडमध्ये आकारास आला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून आकाशात गेला. उपग्रहांशी संपर्क ठेवणारे आणि त्यांना आज्ञा देणारे इस्रोचे 'इस्ट्रॅक' केंद्र आजही येथे आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान चंद्रावर उतरले, त्याची सूत्रे येथूनच हलली. शेकडो कोस उंचीवर फिरणाऱ्या यंत्रांची देखभाल होते त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर मी 'पत्ता अपुरा' असे शेरे नोंदवीत असतो. हा विरोधाभास बरीच वर्षे मला केवळ गमतीचा वाटे. २०१५ साली त्यातला दुसरा अर्थ माझ्या ध्यानात आला.

त्या वर्षी २५ एप्रिलला, शनिवारी, दुपारचे बारा वाजावयास चार मिनिटे असताना नेपाळात गोरखा जिल्ह्यातील बारपाक गावाजवळ ७.८ प्रतीचा भूकंप झाला. सुमारे ९ हजार माणसे गेली; ५ लाखांच्या आसपास घरे कोसळली. शनिवार म्हणजे तिकडे शाळांची सुट्टी. म्हणून हजारो मुले वाचली. आमच्या घरमालकाकडे माडीवरच्या खोलीत एक कन्नड तरुण राहत असे, पेशाने अभियंता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो संगणकापुढे बसून पडद्यावर बारीक चौकोन काढीत असलेला मी पाहिला. "काय चालले आहे?" असे विचारता तो म्हणाला, "नेपाळचा नकाशा करतो आहे. तुम्हीही बसा. अर्ध्या तासात येईल."

या उद्योगाची हकीकत थोडक्यात सांगावयास हवी. इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या विद्यार्थ्याने २००४ साली 'ओपन स्ट्रीट मॅप' नावाचा एक सार्वजनिक नकाशा सुरू केला. ज्याने त्याने आपापल्या माहितीचा रस्ता, पूल, विहीर, शाळा त्यात भरावी आणि तयार झालेला नकाशा कोणीही फुकट वापरावा, असा हा व्यवहार. आपल्याकडील वर्गणीच्या ग्रंथालयासारखाच. फरक इतकाच की येथे वर्गणी माहितीची. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा उपयोगी पडेल असा नकाशाच उपलब्ध नव्हता. तेव्हा निरनिराळ्या देशांतील सहाशेच्या आसपास माणसांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रस्ते आणि वस्त्या रेखून काही आठवड्यांत तो उभा केला, आणि मदतपथके तो हातातल्या यंत्रात घालून हिंडली. पुढे याच कामासाठी एक स्वतंत्र मंडळीही स्थापन झाली. नेपाळच्या वेळी या मंडळीबरोबर काठमांडूतील 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' ही नमराज बुढाथोकी यांची संस्था उभी राहिली. तिने भूकंपापूर्वीच काठमांडू खोऱ्यातील शाळा आणि इस्पितळे नकाशावर आणून ठेवली होती. संकट येण्याआधी केलेले काम संकटात दसपट उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कामाची रीत एखाद्या शिस्तशीर कचेरीस शोभावी अशी आहे. साऱ्या मुलखाचे लहान लहान चौकोन पाडतात. आपण एक चौकोन मागून घ्यावा. तो आपल्या नावे असेपर्यंत दुसऱ्यास मिळत नाही. त्यातील प्रत्येक छपराचे चार कोपरे टिपावे, पायवाटा रेखाव्या, हेलिकॉप्टर उतरू शकेल असे मोकळे मैदान दिसल्यास त्याची खूण करावी, आणि चौकोन परत करावा. मग दुसरा कोणी जाणता माणूस तो तपासतो. म्हणजे आवक आहे, जावक आहे, आणि वर अवर सचिवाची सहीही आहे! मला हे काम जमले यात नवल नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर मी एक-दोन चौकोन पुरे करू लागलो. जगभरातून हजारो माणसे त्या दिवसांत हेच करीत होती. त्यांतील कोणी कोणास ओळखत नव्हते आणि ओळखण्याची जरूरही नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक यंत्रशाळा होती. तिच्या फाटकावर रात्रपाळीला एक नेपाळी पहारेकरी असे. त्याला सारे बहादूर म्हणत. ते त्याचे नाव नव्हते. तो सिंधुपाल्चोक जिल्ह्याचा होता, आणि मृतांची संख्या सर्वांत मोठी होती ती त्याच जिल्ह्यात. तीन दिवस त्याचा घरी फोन लागला नव्हता. तो रात्रभर स्टुलावर बसून एकच क्रमांक फिरवीत राही. चौथ्या रात्री अभियंता आणि मी संगणक घेऊन त्याच्यापाशी गेलो आणि त्याचा डोंगर पडद्यावर काढला.

प्रथम त्याला काहीच ओळखू येईना. आपले गाव कोणी कधी वरून पाहत नाही. आपण ते नेहमी चढून किंवा उतरून पाहतो. मग त्याला नदी सापडली. नदीवरून पूल सापडला, पुलावरून वाट, वाटेवरून पत्र्याच्या छपराची शाळा. त्याचे बोट आता न अडखळता चालू लागले. एके ठिकाणी कोणीतरी दोन घरे रेखली होती. तो म्हणाला, "साब, हे घर एकच आहे. हे दुसरे गोठ आहे." गुरांच्या जागेला नेपाळीत गोठ म्हणतात, हे ऐकून मला नुसती गंमत वाटली नाही, आतून हलल्यासारखे झाले. पुढे एका मोठ्या झाडाच्या सावलीवर त्याने बोट ठेवले. "ही चौतारी. ओझे घेऊन आलेला माणूस येथे बसतो." म्हणजे आपला पार! मग त्याने प्रत्येक टोलाचे, म्हणजे वाडीचे, नाव सांगितले. अभियंता ती देवनागरीत लिहीत गेला. वीस मिनिटांपूर्वी जे केवळ करड्या ठिपक्यांचे एक पान होते, ते गाव झाले.

एका नावाने कोणाच्या घरी तांदळाचे पोते पोचत नाही, हे मला समजते. परंतु मदत घेऊन जाणारा माणूस "त्या डोंगराच्या पलीकडे" असे न म्हणता नाव घेऊन विचारू शकतो, याची किंमत ज्याने असा प्रसंग पाहिला आहे त्यालाच कळेल. पाचव्या दिवशी शेजारच्या गावातून त्याला फोन आला. आई वाचली होती. घर गेले होते.

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. रेघ परक्याला काढता येते, नाव घरच्यालाच सांगता येते. दूर बसलेल्या हजार माणसांनी छपरे मोजावी हे योग्यच. परंतु छप्पर आणि घर यांत जे अंतर आहे ते वरून दिसत नाही. इतकेच काय, घर पडले आहे की नाही हेही पुष्कळदा वरून दिसत नाही. भिंती आत बसतात आणि छप्पर वर जसेच्या तसे राहते. आकाशातील डोळ्याला ते घर शाबूत वाटते. म्हणून वरचा नकाशा ही मदतीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

शेवटच्या पायरीवर पुन्हा कारकूनच उभा असतो! नेपाळात पुढे घरबांधणीच्या अनुदानासाठी घरोघर पाहणी झाली. पाहणी करणारे हातात पाटीसारखे संगणक घेऊन पडलेल्या भिंतीपाशी उभे राहत, फोटो घेत आणि जागेचे अक्षांश-रेखांश टिपत. या कामातही काठमांडूच्या त्या संस्थेचा हात होता. पात्र कुटुंबास ३ लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत मिळावयाचे. आमचा पहारेकरी घर बांधण्यास रजा घेऊन गेला आणि परत आल्यावर त्याने सर्व वृत्तांत सांगितला. त्याच्याजवळ लालपुर्जा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा कागद होता, म्हणून त्याचे काम झाले. ज्यांच्याजवळ तो नव्हता त्यांना फार हेलपाटे पडले. पिढ्यानपिढ्या एका जागी राहूनही त्या जागेवर आपले नाव नसणे ही किती जुनी आणि किती सार्वत्रिक गोष्ट आहे!

हे ऐकताना मला आमचे गाव आठवल्यावाचून राहिले नाही. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन होते. उशिरा घरी येऊन माणसे नुकती झोपली होती. आमच्याकडची घरे दगडमातीची, भिंती हातभर रुंद, आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर मातीचे थर पिढ्यानपिढ्या चढत गेलेले. उन्हाळ्यात गारवा देणारे ते माळवदच त्या पहाटे माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ८ ते १० हजार माणसे गेली. तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या सरकारी नकाशात हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. नकाशावर रंग एक आणि जमिनीच्या पोटात दुसरेच, असा तो प्रकार झाला.

पुनर्वसनात ५२ गावे जागा बदलून नव्याने वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. परंतु देण्यासाठी आधी मोजणे आले, आणि मोजण्यास कागद कोणता? आपल्या मुलखात फार पूर्वीपासून शेताची मोजणी चोख आहे. प्रत्येक शेताला क्रमांक आहे, सातबारा आहे, बांधाचा नकाशा आहे. मात्र गावाच्या नकाशात गावठाण म्हणून जी जागा दाखविलेली असते ती बहुतेक ठिकाणी आतून कोरी. ज्या जमिनीत ज्वारी होते तिची रेघ न् रेघ सरकारदरबारी नोंदलेली, आणि ज्या जमिनीवर माणूस जन्मतो नि मरतो तिची नाही! घराचा पुरावा काय तो ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या नोंदवहीत, नमुना आठमध्ये; आणि पंचायतीची इमारत पडली की ती वहीही ढिगाऱ्याखाली.

आमचे अण्णा त्या वेळी तिशीत होते. मोजणीदारांबरोबर ते दिवसच्या दिवस ढिगाऱ्यांतून हिंडले आणि हे अमक्याचे, ते तमक्याचे असे सांगत गेले. ज्या घरातले कोणीच उरले नव्हते त्या घरापुढेही ते थांबत आणि नाव सांगत. घेणारा कोणी नसताना नाव का सांगता, असे एका मोजणीदाराने त्यांना विचारले. अण्णा म्हणाले, "घर होतं की तितं." या चार शब्दांपलीकडे त्यांनी त्या दिवसांविषयी मला फारसे काही सांगितलेले नाही.

नेपाळच्या कामानंतर मी आमचे गाव नकाशावर आणावयास घेतले. नवे गाव सोपे होते. सरळ रस्ते, सारखी घरे. एका रविवारात आटोपले. मग जुने गावठाण घ्यावे असा विचार केला, तेव्हा एक नियम आडवा आला. या सार्वजनिक नकाशात आज जमिनीवर जे आहे तेच दाखवावयाचे. काल होते ते नाही. नियम रास्त आहे. संकटात धावणाऱ्या माणसाला नाहीशा झालेल्या गल्लीत पाठविणे बरे नव्हे. म्हणून नकाशावर तेथे मी अवशेषांची खूण तेवढी ठेवली, आणि गाव मात्र आलेखाच्या कागदावर काढावयास घेतले.

गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी अण्णांचा फोन येतो. मी इकडे कागद घेऊन बसतो.

"अण्णा, वेशीतून आत आलं की उजव्या अंगाला कोण?"

"उजव्याला सुताराचं घर. त्याला लागून बोळ. बोळात तुझी आजी पाण्याला जायची तो आड."

"आडापासून मारुती किती लांब?"

"लांब कशाचं? हाक मारली की ऐकू यायचं."

'हाक मारली की ऐकू यायचं' हे अंतर आलेखाच्या कागदावर किती घरांचे धरावे, याचा हिशेब मला कोणत्याही कचेरीत शिकविलेला नव्हता. तथापि आता त्या कागदावर बहुतेक सारे गाव आले आहे. अण्णा सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्याबरोबरीचे जे पाच-सात जण हयात आहेत त्यांच्याकडे ते नव्या गावात हिंडून विचारतात, आपसांत भांडतात आणि निकाल मला कळवितात.

या खटाटोपात एक गोष्ट उघडकीस आली. नव्या गावातील रस्त्यांना सरकारने आकडे दिले. परंतु गावातील बाया अजून जुन्या गल्ल्यांची नावेच तेथे चालवितात. वेशीकडची गल्ली म्हणतात, आणि नव्या गावाला वेस नाही! मी ती नावे नव्या रस्त्यांवर घातली. ती तेथे आज खरोखर चालतात, तेव्हा नियमाला धरूनच आहेत. आणि ती निव्वळ हौसेची नाहीत. २०२४ साली हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले ते आमच्या भागापर्यंत जाणवले होते. उद्या रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेला हाक घालावयाची झाली तर गावकरी सरकारी आकडा सांगणार नाही, वेशीकडची गल्लीच सांगेल.

सरकारी नोकरास असले काही करताना प्रथम परवानगीचा प्रश्न पडतो. आपल्याकडे नकाशा ही दीर्घकाळ कुलपातली वस्तू होती. १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांपुरते ते कुलूप बरेचसे उघडले. गावठाणाच्या कोऱ्या जागेचाही विचार आता होऊ लागला आहे. पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावी त्याचा आरंभीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' योजना जाहीर झाली. ड्रोनने गावठाण टिपून घरमालकास मिळकत पत्रिका द्यावयाची, अशी तिची रीत. ही फार मोठी गोष्ट आहे. किल्लारीच्या वेळी अशी पत्रिका असती तर कित्येकांचे कित्येक महिने वाचले असते. परंतु तेथेही ड्रोन रेघच काढणार. ती रेघ कोणाची, हे सांगावयास बांधाशी, भिंतीशी घरचे माणूस उभे असावे लागणार.

आपण नोकरीनिमित्त दूर राहणारी माणसे दोन्हीकडे आहोत. परमुलखात आपण रेघ काढणारे आहोत, आणि ते काम आपण नेकीने करावे. ज्याच्या घराची रेघ आपण काढतो त्याचे नाव आपल्याला उच्चारता येत नसले, तरी ते त्याला विचारावे. आपल्या गावी मात्र नाव सांगणारे आपणच आहोत, आणि तेथे आपण वर्षातून आठ दिवस असतो. त्या आठ दिवसांतील एक सकाळ काढून गावातील शाळा, दवाखाना, विहीर, मोकळे मैदान आणि मारुतीचा पार नकाशावर ठेवणे अवघड नाही. अवघड आहे ते विचारणे. कारण ज्यांना विचारावयाचे ती माणसे दरवर्षी कमी होत जातात. छायाचित्र उद्याही मिळेल, उद्याचे तर आजच्यापेक्षा स्वच्छ मिळेल. बोळातला आड कोणाचा होता, हे मात्र ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडूनच, तो आहे तोवर विचारून घेतले पाहिजे.